चालू मागांची बैठक

दुपारचं जेवण झालं की तुळशीराम शेलार खाटेवर न निजता जमिनीवर निजत. फरशीवर सतरंजी, उशाला काही नाही, आणि एक तळहात सतरंजीबाहेर उघड्या फरशीवर टेकलेला. भिवंडीच्या कामतघर भागात त्यांच्या चाळीच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागांचा कारखाना होता. कारखाना चालू असला की ती फरशी थरथरायची, भांड्यांची फळी थरथरायची, बशीतल्या चहावर बारीक लाटा उठायच्या. नव्या पाहुण्याला वाटे भूकंप झाला. मास्तरांना त्या थरथरीशिवाय डोळा लागत नसे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, तारमास्तर. दिघाशीच्या भातशेती करणाऱ्या घरातला मुलगा मॅट्रिक झाला, तार शिकला आणि भिवंडीच्या तार ऑफिसात त्या कडकट्ट वाजणाऱ्या यंत्रासमोर बसला तो निवृत्त होईपर्यंत. गावाकडचे लोक त्यांना भेटायला ऑफिसात यायचे आणि खिडकीशी उभे राहून नुसते त्यांच्या बोटांकडे बघत राहायचे. बाहेरून येणारी तार मास्तर कानानंच वाचायचे. कानानं ऐकायचं, हातानं लिहायचं, आणि मध्ये डोक्याला त्रास द्यायचा नाही, असं ते म्हणत.

निवृत्तीनंतर यंत्र सुटलं, पण सवय कशी सुटणार? दुपारच्या त्या अर्धवट झोपेत मागांची खटखट त्यांच्यासाठी हळूहळू तारेची होऊन जायची. उठले की सांगायचे, "कोपऱ्यातल्या मागावर नवीन माणूस आलाय. धागा तुटला की लगेच माग थांबवत नाही, जरा विचार करतो." कधी म्हणायचे, "आज मला शहापूरनं बोलावलं. मी उत्तर देत होतो, पण ते ऐकायलाच तयार नाहीत." मग ठकुबाई, त्यांची बायको, आतून ओरडायच्या, "त्या शापूरवाल्यांना सांगा, चा झालाय!"

असं बोलताना मास्तरांच्या डोळ्यांत झोप तशीच असायची. ते कुठल्या गावाला जाऊन आलेत आणि अजून पुरते परत आलेले नाहीत, असं वाटायचं. मला हेवा वाटायचा त्यांचा. मला आपली कुशीवर वळले की सरळ सकाळ.

आता माझं सांगते. मी टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर होते. माझं खरं नाव कोणी घेत नाही, सगळे ताईच म्हणतात, माझ्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. मी फटकळ आहे हे भिवंडीत सगळ्यांना माहीत आहे. दर तीन मिनिटांनी लोकांचं बोलणं तोडायची नोकरी जन्मभर केल्यावर माणूस लाघवी कसा राहणार?

मास्तर, मी, लाईनमन बाळाराम तरे आणि तारा वाटणारा केसरीनाथ असे आम्ही चौघं पुढंमागं निवृत्त झालो आणि महिन्यातून एकदा मास्तरांच्या ओटीवर जमू लागलो. बाळाराम काल्हेरहून यायचा. खाडीकाठचा आगरी माणूस, खांबावर चढून चढून मांड्या लोखंडाच्या झालेल्या, येताना कधी फडक्यात बांधलेले सुके बोंबील आणायचा. केसरीनाथ अजून सायकलवरूनच हिंडायचा. तारा वाटणं संपलं तरी त्याचं दारोदार जाणं संपलं नव्हतं, त्यामुळे निम्म्या बातम्या त्याच्याच असायच्या. वर्षातून चार-सहा वेळा कल्याणहून एस्टीनं नामा गायकर यायचा. हा नामा म्हणजे कल्याणच्या तार ऑफिसातला मास्तरांच्या समोरचा माणूस. आयुष्यभर दोघांनी एकाच तारेच्या दोन टोकांना बसून काम केलं होतं.

बैठकीला आम्ही बातम्यांची बैठक म्हणायचो. कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाची बदली झाली, कुठल्या एक्स्चेंजमध्ये आमचा बोर्ड काढून डायल बसवला, कोणाला मधुमेह निघाला, कोण गेलं. ट्रंक कॉलचे असतात तसे आम्ही बातम्यांचेही प्रकार केले होते. लग्न, बारसं, बढती या साध्या. आजारपण अर्जंट. आणि कोणी गेल्याची बातमी लाइटनिंग, ती बाकीचं सगळं थांबवून आधी घ्यायची.

आणखी एक रीत होती, ती ऑफिसातून जशीच्या तशी आलेली. पडताळा. तार घेतली की नाव, गाव, आकडे परत म्हणून दाखवायचे. बोर्डावर मीसुद्धा गिऱ्हाइकाचा नंबर परत म्हणायची. तसंच इथं. ज्याला उद्देशून बातमी सांगितली त्यानं ती परत म्हणायची, सांगणाऱ्यानं "बरोबर" म्हणायचं, मगच पुढची. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण आम्ही चुकीच्या निरोपानं वऱ्हाडं भलत्याच गावाला गेलेली पाहिली होती. पडताळा न झालेली बातमी आमच्या लेखी बातमीच नव्हती.

बैठकीचा दिवसही ठरलेला. ज्या दिवशी त्या भागाची वीज बंद असे, त्या दिवशी मागांना सुट्टी. गल्ली एकदम गप्प होऊन जायची. वऱ्हाळा तलावावरून वारा आला तर तो ऐकू यायचा. कारखान्यातले लोक ओट्यावर विडी ओढत हिंदीत गप्पा मारत बसायचे, कोणी डोकं धुवायचं, कोणी गावाकडे पत्र लिहून घ्यायचं. आम्ही त्या शांततेत बसायचो. मला तो दिवस फार आवडायचा. जन्मभर कानाला यंत्र लावून घरघर ऐकलेली बाई मी, शांततेत माणसाचा आवाज ऐकणं हे मला सणासारखं होतं.

तर पंच्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर मास्तरांनी एकाएकी जाहीर केलं की पुढची बैठक सुट्टीच्या दिवशी नाही, माग चालू असताना.

"का?" मी विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी मला गावाला जायचं असतं."

"मग दुसरीकडे कुठं बसू. माझ्याकडे बसू."

मास्तर माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "तेच बरं. ठरलं तर मग."

मला वाटलं हा माणूस मुद्दाम विषय टाळतोय. मी चिडले. बाळाराम म्हणाला, "जाऊ द्या ना ताई. चा त्यांचा, वटी त्यांची. आपन कवाबी येव." आणि ठरलं.

त्यानंतरच्या बैठकी काय वर्णाव्या! भिंतीपलीकडे माग आणि इकडे आम्ही चार म्हातारे एकमेकांच्या कानात ओरडतोय. निम्मं बोलणं हातवाऱ्यांनी. केसरीनाथ एखाद्याच्या मुंजीची बातमी अशी ठणाणा करून सांगायचा की गल्लीतून जाणारी बाई थांबून बघायची. पडताळाही ओरडून. कोणाला काही नीट कळायचं नाही, मग कोणी म्हणायचं "काय?", दुसरा म्हणायचा "काय काय?", आणि सगळे हसायचे. थोड्या वेळानं ओरडायचा कंटाळा यायचा. मग आम्ही नुसते बसायचो. पाठीला भिंतीची थरथर, पायाला फरशीची, हवेत सुताची धूळ उन्हातून तरंगताना दिसायची, समोरच्याचे ओठ हलायचे आणि आवाज मागांतच विरघळून जायचा. डोळे मिटावेसे वाटायचे. आपण कुठल्या तरी मोठ्या बोटीत बसलोय आणि ती आपल्याला कुठंतरी नेतेय, असं मला वाटायचं. काल्हेरच्या खाडीतून रेतीच्या बोटी जातात तशी, सावकाश. मास्तर तर त्या बैठकीत फुलायचे. मूळचा अबोल माणूस, आता तेच सगळ्यांत जास्त बोलायचे. एकामागून एक जुन्या गोष्टी, थांबायलाच तयार नाहीत. मी मनात म्हणायची, निवृत्तीनं माणूस बिघडतो तो असा.

नामा आला की मात्र वेगळंच. ते दोघं बाकाच्या दोन टोकांना बसायचे, बाकाच्या फळीवर बोटं ठेवायचे आणि टकटक सुरू. तारेची भाषा. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं फळीवर तळहात टेकून घ्यायचं. नामा वाजवता वाजवता मान हलवायचा, मास्तर पोट धरून हसायचे. आमच्यापैकी कोणालाच ती भाषा येत नव्हती. मी एकदा म्हटलंच, "चारचौघांत कानात बोलणं बरं नव्हे." नामा माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, आम्हाला बोलू दे गं."

मला कळलं ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, ठकुबाईकडून.

तलावाच्या काठी वऱ्हाळा देवीच्या देवळाशी मी बसले होते. ठकुबाई दर्शन करून आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुमी माज्या मानसावर रागावू नका."

"मी कशाला रागावू?"

"रागावताव. मना दिसतंय." मग हळूच म्हणाल्या, "त्यांना आयकू येत न्हाय."

मी म्हटलं, "म्हणजे कमी येतं?"

"कायच न्हाय. आदी कमी झालं, मंग गेलं. माजं त्वांड बगून समजत्यात. तुमचं बी थोडंथोडं. डाक्टरनं यंत्र दिलंवतं, खोक्यावानी. छातीवर बांदाचं नि कानात घालाचं. त्यात निस्ता मागांचा आवाज, मानसाचा न्हाय. ठेवून दिलंय पेटीत."

तेव्हा मला एकेक उलगडत गेलं. फरशीवरचा तळहात. शहापूरची हाक. ती बडबड, कारण स्वतः बोलत राहिलं की दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही. आणि बैठकीचा बदललेला दिवस. शांत दिवशी एकटे मास्तर बहिरे. माग चालू असले की आम्ही सगळेच बहिरे.

"कोनाला सांगू नका," ठकुबाईंनी माझा हात धरला. "ते म्हनत्यात, त्यांना समजलं तर येतील, बसतील, चा पितील, पन आपसांत बोलतील. मना सांगनार न्हाईत. मी आपला खुर्चीवानी बसून ऱ्हाईन. ताई, ह्या एका दिवसासाटी मानूस महिनाभर वाट बगतंय. त्यो दिस गेला त मंग काय ऱ्हाला?"

तलावात म्हशी डुंबत होत्या. पाण्यावर ऊन इतकं झगमगत होतं की डोळ्यांत पाणी येत होतं, आणि मी ते उन्हावर ढकललं. मी शब्द दिला.

मग मी माझ्या परीनं सांभाळू लागले. मास्तरांसमोर बसायचं, तोंड त्यांच्याकडे ठेवून सावकाश बोलायचं. बातमी त्यांच्याकडे निघाली की मीच मध्ये घुसून पडताळा करायचा. केसरीनाथ वैतागायचा, "ताई, सगळ्यांचं तुम्हीच घेता!" मी म्हणायची, "सवय आहे. तुझी तीन मिनिटं झाली." मास्तरांना माझ्या वागण्यातला फरक कळला की नाही, देव जाणे. ते आपले हसत असायचे, त्या अर्ध्या झोपेतल्या चेहऱ्यानं.

एकेका बैठकीत मात्र त्यांच्याकडे बघून मला भीती वाटायची. एखादी बातमी चाललेली असताना त्यांची नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर फिरायची. सगळे हसले की ते हसायचे, पण एक क्षण उशिरा. तो क्षण एकदा पाहिला की मग तोच दिसत राहतो.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यानंतरची ती बैठक. केसरीनाथला यायला उशीर झाला. मी आणि बाळाराम चहा पीत होतो. मास्तर त्यांच्या मुंबईतल्या ट्रेनिंगची गोष्ट सांगत होते, ती आम्हाला पाठ होती. माग दणदणत होते. केसरीनाथ आला, सायकल भिंतीला लावलीन् सरळ मास्तरांच्या पुढ्यात गेला. आदल्या दिवशी तो लग्नाला कल्याणला गेला होता. तिथली बातमी म्हणजे कल्याणच्या तारेची, ती पहिली मास्तरांची, अशी आमची पद्धत. मी ओटीच्या दुसऱ्या टोकाला होते. उठून मध्ये पडेपर्यंत त्यानं वाकून, मास्तरांचे दोन्ही खांदे धरून सांगितलंही.

मला ऐकू आलं नाही, पण त्याचे ओठ मी पाहिले. मास्तरांनीही पाहिले. त्यांना एवढंच कळलं की बातमी नामाची आहे. नामाच्या धाकट्या मुलीचं लग्न जमत होतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, बोलणी चालली होती. मास्तरांचा चेहरा उजळला. रीतीप्रमाणे त्यांनी पडताळा दिला, मागांच्या वर आवाज चढवून, पूर्ण छातीतून.

आणि त्याच वेळी वीज गेली.

सगळे माग एकदम थांबले. गल्ली गप्प झाली. त्या शांततेत मास्तरांचे शब्द एकटे उरले, कारखान्यातल्या माणसांनीसुद्धा ऐकले असतील.

"नामाचं? वा! फार छान झालं! पेढे कुठायत?"

केसरीनाथचे हात मास्तरांच्या खांद्यावरून खाली आले. तो "बरोबर" म्हणाला नाही. त्यानं बाळारामकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचे डोळे भरले होते. "ताई," तो पुटपुटला, "नामा गेला ना. गेल्या आठवड्यात. झोपेतच गेला."

मास्तर अजून हसत होते. वीज गेल्याचं त्यांना कळलं होतं, कारण तळव्याखालची फरशी थांबली होती. त्यांनी फरशीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर. तिसऱ्या चेहऱ्यापर्यंत येता येता ते हसू गेलं. काहीतरी चुकलंय हे समजलं, काय ते समजलं नाही. इतका घाबरलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. दारात ठकुबाई येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

केसरीनाथनं खिशातली पेन्सिल काढली. मी त्याचा हात धरला. असल्या ओळी मास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांच्या घरांसाठी लिहून काढल्या होत्या आणि केसरीनाथनं त्या नेऊन दिल्या होत्या. आज तसलाच कागद त्यांच्या हातात द्यायचा? मला ते सोसवलं नसतं. आणि ओरडून तरी कसं सांगायचं? त्या शांत गल्लीत, दहा घरांच्या कानांवर, नामा गेला, नामा गेला म्हणून?

मग बाळाराम उठला. हे बाळारामच करू शकत होता. लाईनमनला तारेची भाषा येत नव्हती, पण लाईन दुरुस्त करताना खांबावर चढून तो तारेला आपला फोन लावायचा आणि पलीकडचा कडकट्ट तासन्‌तास ऐकायचा. कल्याणहून नामा बोलवायचा तेव्हा त्याची हाक कशी असते, ती कुठं आखूड, कुठं लांब, हे त्याच्या कानात बसलं होतं. आणि संध्याकाळी ऑफिस बंद करताना नामा एक शेवटचा ठोका द्यायचा, तोही. मास्तरांनी तो परत दिल्याशिवाय नामा टेबल सोडायचा नाही, हे आमच्या ऑफिसात शिपायालासुद्धा माहीत होतं.

बाळाराम बाकाच्या त्या टोकाला बसला, जिथं नामा बसायचा. मास्तरांचा हात धरून त्यानं फळीवर ठेवला. मग आपल्या जाडजूड बोटानं नामाची हाक वाजवली. एकदा. परत एकदा. मास्तरांची मान वर झाली. त्यांनी दाराकडे पाहिलं, नामा आलाय की काय म्हणून. बाळारामनं नाही म्हणून मान हलवली. आणि त्यानं तो शेवटचा ठोका वाजवला, आणि बोट उचलून हात मांडीवर ठेवला.

मास्तर फळीवर तळहात टेकून वाट बघत राहिले. पुढं काही येईना. त्यांनी स्वतः हाक दिली, मग थांबले. पुन्हा हाक दिली. ओटीसमोर एक कोंबडी आली, दाणे टिपून गेली. मास्तरांचा चेहरा मी बघत होते. तो हळूहळू असा झाला, जसा ते दुपारी झोपेतून उठताना व्हायचा, फक्त ह्या वेळी ते खरंच परत आले.

कितीतरी वेळ त्यांनी तो ठोका परत दिला नाही. देववत नव्हता. मग दिला. सावकाश, नीट, एकही चूक न करता. आणि फळीवरून हात उचलून घेतला.

"झोपेत गेला का?" त्यांनी विचारलं. त्यांना काय दिसलं होतं केसरीनाथच्या ओठांवर, कोणास ठाऊक. केसरीनाथनं हो म्हणून मान हलवली. मास्तर म्हणाले, "शहाणा होता."

मग ते रडले. बाळारामनं त्यांना जवळ घेतलं आणि तोही रडला, मोठ्यानं, खाडीकाठच्या माणसांना आवाज दाबून रडणं येत नाही. मी उठून आत गेले, पाणी आणलं, तोवर माझंही व्हायचं ते झालं होतं.

पाणी पिऊन मास्तरांनी तांब्या खाली ठेवला आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. नामाला ठाऊक होतं. तो आला की मला सगळं वाजवून सांगायचा, तुमच्या बातम्यासुद्धा. पण तो येणार कधीमधी, आणि त्यालाही सगळं कुठं माहीत असायचं." मग म्हणाले, "आता तुम्हाला यायचं असेल तर या, नाही तर राहू द्या."

"येडं झालं का काय मास्तर?" बाळाराम म्हणाला, आणि मग लक्षात येऊन त्यानं तेच हातवारे करून सांगितलं, त्यातले निम्मे हातवारे शिव्याच होत्या. मास्तरांना ते पूर्ण कळलं.

वीज अजून आली नव्हती. मास्तर माझ्याकडे वळले. कितीतरी दिवस मनात धरलेली गोष्ट सांगावी तसे म्हणाले, "ताई, मागं एकदा सुट्टीच्या दिवशी बैठक होती. दिवाळी झाल्यावरची. तू काहीतरी सांगितलंस आणि रडलीस. सगळे तुझ्याजवळ गेले. मी बसून राहिलो. काय झालंय तेच मला कळलं नव्हतं, मग जवळ येऊन काय बोलू? आणि भलतंच काही बोललो असतो तर? आज बोललो तसं. त्याच दिवशी ठरवलं मी, पुढची बैठक चालू मागांत." त्यांनी माझ्या तोंडाकडे नजर लावली. "काय झालं होतं गं तेव्हा?"

मी ठकुबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मना वाटलं त्यांना ठावं हाय."

दोन वर्षं ह्या माणसाबद्दल माझ्या मनात एक बारीकसा काटा होता; बहिरेपण कळल्यावरही तो निघाला नव्हता, कारण ठकुबाईंनी त्यांना सांगितलं असेलच असं मी धरून चालले होते. त्या दिवशी सगळे काही ना काही बोलले, पाठीवर हात ठेवला, फक्त हेच दगडासारखे बसले होते आणि वर पुढच्या बैठकीला दिवस बदलून मोकळे झाले. मी तो काटा कधी कोणाला दाखवला नव्हता. आता तो कुठं गेला, मला सापडेना.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. त्यांचा हात हातात घेतला आणि ओरडले, "आई गेली होती माझी!"

समोरच्या ओट्यावरचे कारखान्यातले लोक विडी ओढता ओढता थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. बघोत.

"तुझी आई गेली," मास्तर हळूच म्हणाले. मग माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरून त्यांनी विचारलं, "कशी गं? आजारी होती का?"

आई गेल्यावर लोक मला धीर धर म्हणाले, वय झालं होतं म्हणाले, सुटली म्हणाले. कशी गेली हे मात्र कोणी विचारलंच नव्हतं. मी मास्तरांच्या आणखी जवळ सरकले आणि आईच्या पहिल्या तापापासून सांगायला सुरुवात केली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.